धुतलेला डबा

प्रसेनजीत माझा डबा खातो हे मला ठाऊक नव्हतं, असं मी संचालकांच्या केबिनमध्ये सांगितलं. ते खोटं होतं. मला ते तीन महिने ठाऊक होतं. हे शेवटी सांगितलं असतं तर माझ्या सोयीचं झालं असतं, कारण तोवर वाचणाऱ्याला मी बरा माणूस वाटलो असतो. म्हणून आधीच सांगून टाकतो.

गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची. कोल्हापुरात टेंबलाईच्या टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा एक संशोधन संस्था होती. तिचं नाव घेत नाही, फुकटची जाहिरात कशाला? खेड्यातली माणसं काय खातात, किती खातात आणि का खात नाहीत याचा अभ्यास तिथं चालायचा. एम.ए. झालेली आमच्यासारखी पोरं पीएच.डी.ला नाव घालायची आणि संचालक डॉ. हंबीरराव यांच्या हाताखाली पाच-सहा वर्षं घालवायची. हंबीरराव सर मोठे वक्ते. भूक या विषयावर ते दीड तास बोलत आणि मध्ये दोनदा चहा घेत. "मी स्वतः कोरडी भाकरी खाऊन शिकलोय" हे वाक्य त्यांच्या प्रत्येक भाषणात असायचं. सरांनी आपली गरिबी भाषणापुरती जपून ठेवली होती, एरवी ती कुणाच्या नजरेला पडत नसे.

संस्थेच्या वसतिगृहाचा एक नियम होता. संशोधक विद्यार्थ्याला खोली मिळायची ती फक्त पहिली दोन वर्षं. आणि सरांकडे प्रबंधाचं एक प्रकरण वाचायला दिलं की ते त्यांच्या टेबलावर आठ-आठ महिने पडून राहायचं. त्यामुळं पाच वर्षांच्या आत कुणाची पीएच.डी. झाल्याचं ऐकिवात नव्हतं. म्हणजे पहिली दोन वर्षं तुम्ही छपराखाली, पुढची तीन वर्षं तुम्ही कुठंही राहा, काहीही खा आणि खेड्यातल्या लोकांच्या पोटाचा अभ्यास करा. हा नियम ज्यानं केला त्याला कुणी कधी वेड्यात काढलं नाही. उलट वाचनालयात त्याचा हार घातलेला फोटो होता.

प्रसेनजीत पाचव्या वर्षाला होता आणि मी पहिल्या वर्षाला होतो. तो कुरुंदवाडचा. वडील धोंडीराम दुसऱ्याच्या उसात राबायचे, आई मीनाबाई दुसऱ्याच्या वांग्याच्या मळ्यात तोडणीला जायची. वडलांनी हौसेनं पोराला बुद्धाच्या काळातल्या राजाचं नाव ठेवलं होतं. अंगानं किडकिडीत, रंगानं काळा, दोन शर्ट, पण दोन्ही गादीखाली दाबून कडक घडी केलेले. बोलणं हळू. मला सुरुवातीला तो अजिबात आवडला नाही. ज्याच्याकडं काही नाही त्यानं एवढं नीटनेटकं असू नये असं मला वाटायचं. माझ्यासारख्या पोटभर जेवलेल्या माणसाला गरिबानं कसं दिसावं याची फार पक्की कल्पना असते. त्याची शिष्यवृत्ती 'मंजूर आहे, यायची आहे' या अवस्थेत दीड वर्ष होती. संस्थेच्या कारकुनाला विचारलं की तो पंख्याकडं बघायचा.

त्या दिवाळीच्या सुमारास आम्ही दोघं राजारामपुरीत खोल्या बघत फिरलो. म्हणजे खोली त्याला हवी होती, आधीची जागा सुटली होती. मी सोबत गेलो होतो. एका घरावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी. मालक गॅलरीत उभे. आम्हाला वर बोलावलं, खोली दाखवली, नळाला पाणी किती वेळ येतं ते सांगितलं. मग म्हणाले, "नाव काय म्हणालासा, पावणं?"

"प्रसेनजीत."

आडनाव विचारायचीही त्यांना गरज पडली नाही. "आसं व्हय," म्हणाले, "खोली कालच दिली की एकाला. माझ्या ध्यानातच न्हाई बगा."

प्रसेनजीत जिना अर्धा उतरला आणि थांबला. वर बघून शांतपणे म्हणाला, "मालक, मग ती पाटी काढून ठेवा. लोकं उगंच जिना चढत्यात."

ती पाटी पुढं होळीपर्यंत तिथं लटकत होती. मी येता-जाता बघायचो. असे सहा-सात जिने आम्ही चढलो आणि उतरलो. ती खोली माझ्या नावावर घेऊन त्याला तिथं ठेवता आलं असतं. हे त्यानं सुचवलं नाही आणि मी सुचवायचं टाळलं.

शेवटी तो माझ्या खोलीत आला. दुसऱ्याच्या खोलीत चोरून राहणाऱ्याला वसतिगृहातली पोरं 'पॅरासाईट' म्हणायची, आणि तेही तोंडावर, नावानं हाक मारल्यासारखं. "काय पॅरासाईट, आंघोळ झाली का?" बोलणारे सगळे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले, दोघे-तिघे तर दलितांच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणारे. त्याची ट्रंक माझ्या खाटेखाली आणि त्याचं अंथरूण खिडकीपाशी फरशीवर. शनिवारी सकाळी रेक्टर गणपतराव तपासणीला यायचे, खाटेखाली वाकून बघायचे. त्या दिवशी हा सहालाच ट्रंक सायकल स्टँडमागं ठेवायचा आणि वाचनालय उघडेपर्यंत पायरीवर बसून राहायचा.

मी त्याला ठेवून घेतलं ते दया आली म्हणून नाही. माझ्या पहिल्या प्रकरणाचे सगळे तक्ते त्यानं करून दिले. मला साधी सरासरी काढताना घाम फुटायचा.

आता डब्याचं सांगतो. आमच्याकडं तेव्हा गावाकडून शहरात शिकणाऱ्या पोरांना एस.टी.नं डबा यायचा. आया पहाटे उठून भाकरी थापायच्या, डबा कापडी पिशवीत घालून पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरकडं द्यायच्या. कोल्हापूरच्या स्टँडवर एका कट्ट्यावर असे पन्नास-साठ डबे ओळीनं ठेवलेले असायचे, झाकणावर ऑइलपेंटनं नाव आणि गाव. पोरांनी तो न्यायचा, जेवायचं आणि दुपारच्या गाडीनं रिकामा डबा परत पाठवायचा. पन्नास गावांचं जेवण एका कट्ट्यावर उघड्यावर असायचं आणि कुणी कुणाच्या डब्याला हात लावायचा नाही.

माझा डबा बिद्रीहून यायचा. वडील तिथं कारखान्यात नोकरीला. आई चारला उठायची. आणि मला तो डबा नको असायचा. हातात कापडी पिशवी घेऊन स्टँडवरून चालायची मला लाज वाटायची. मी मिसळ खायचो, खानावळीत मटणाचं ताट घ्यायचो आणि डबा कट्ट्यावर तसाच राहून संध्याकाळी भरलेला परत जायचा. आईनं विचारलं तर तास होता, परीक्षा होती, असं काहीही ठोकून द्यायचो. नोव्हेंबरात कधी तरी डबा रिकामा परत जायला लागला. कुणी हमाल खात असेल असं मला वाटलं, आणि बरं वाटलं. घरी कटकट नाही.

प्रसेनजीत रोज दुपारी खोलीवर आला की "जेवून आलो" म्हणायचा. कुणी न विचारता म्हणायचा. एका बुधवारी मी सहज विचारलं, "काय होतं रं?"

"पावट्याची उसळ. आणि खर्डा. शेंगदाणं भाजून घातलेला खर्डा गड्या, लई दिवसांनी खाल्ला."

शनिवारी मी घरी गेलो. आई म्हणाली, "बुधवारचा खर्डा लई तिखट न्हवता न्हवं? म्हणूनच शेंगदाणं भाजून घातलंतं."

मी म्हणालो, "न्हाई, बेस झालता."

त्याच सोमवारी त्याला म्हणायला हवं होतं की लेका, रोज घेऊन ये आणि माझ्यासमोर बसून खा. एवढं एक वाक्य. ते म्हटलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मी गप्प बसलो, आणि गप्प बसण्यात मला माझा मोठेपणाही वाटला. बघा, मी त्याला ओशाळं करत नाही! खरं कारण एवढंच होतं की त्याच्या भुकेखाली माझी थाप झाकली जात होती.

तो डबा धुऊन पाठवायचा. नुसता विसळून नाही, राखेनं घासून. पहिल्या-पहिल्यांदा आई हरखून गेली. शेजारच्या चिमणाबाईला बोलावून तिनं तो डबा दाखवला, "ताटावरनं उठून हातावर पानी मागनारं पोर, आता डबा घासून धाडतंय!" मी समोर बसून ते ऐकलं आणि कौतुक करून घेतलं. काही दिवसांनी डब्यात दोन भाकरी जास्त यायला लागल्या, रविवारी केलेल्या पोळ्यांतली एखादी सोमवारी यायला लागली. का, ते मी विचारलं नाही. खाणारा मी नव्हतोच.

त्याच्या ट्रंकेत साखरेची एक पुडी असायची. जुन्या फॉर्मच्या कागदात बांधलेली. सकाळी तो तिच्यातली थोडी साखर वेगळी बांधून खिशात घालायचा. एकदा मी बघितलं आणि दात काढले. "साखर चाटतोस व्हय रं? मुंग्या लागतील खोलीला." तो हसला आणि ट्रंक बंद केली. पोरांनाही मी ते सांगितलं. त्यानंतर आठवडाभर त्याला कुणी पॅरासाईट म्हणालं नाही, मुंगळा म्हणाले.

त्याचा प्रबंध खेड्यातल्या मजुरांच्या जेवणावर होता. मोठा फॉर्म घेऊन घरोघर जायचा. गडमुडशिंगीला मी एकदा त्याच्याबरोबर गेलो होतो. एका म्हातारीच्या दारात बसून तो विचारत होता, "मावशी, काल दोन्ही वेळ जेवलासा का? ह्या म्हैन्यात एखादी वेळ उपाशी काढली का?" म्हातारीनं उत्तरं दिली आणि उठून आतून भाकरी आणि वाटीत कोरड्यास घेऊन आली. याला सकाळपासून पाण्याशिवाय काही नव्हतं, मला माहीत होतं. यानं हात जोडले. ज्या घराचा फॉर्म भरायचा त्या घरात खायचं नाही असा त्यानं स्वतःसाठी नियम केला होता. "आपण खाल्लं की त्यांच्यातलं कमी होतं आणि आपला आकडा खोटा पडतो," म्हणायचा. म्हातारी चिडली. "मला एवढं इचारतोस, मग तू जेवलास का?"

"आमचं फॉर्मात येत न्हाई, मावशी," तो म्हणाला.

जूनअखेर त्याला प्रबंध द्यायचा होता, नाहीतर नोंदणी संपणार. दोन प्रकरणं सरांच्या टेबलावर, शेवटचं हातात. "जूनपर्यंत दम काढला की झालं," असं तो म्हणायचा. एवढंच त्याला हवं होतं. त्याला नोकरीची, मानाची, सत्काराची अपेक्षा नव्हती. जूनपर्यंत एक फरशी आणि एक वेळचं जेवण पाहिजे होतं.

फेब्रुवारीत संस्थेत 'ग्रामीण अन्नसुरक्षा' या विषयावर मोठं चर्चासत्र झालं. बाहेरगावची विद्वान मंडळी आली. प्रत्येकाला कातडी पिशवी, वही, पेन. सरांनी भाषणात प्रसेनजीतचा तक्ता पडद्यावर दाखवला, शेतमजूर बाया वर्षातले किती दिवस एक वेळ जेवतात त्याचा, आणि म्हणाले, "आमच्या क्षेत्रकामात असं आढळलं." टाळ्या पडल्या. ज्यानं ते घरोघर फिरून शोधलं तो तेव्हा बाहेर मांडवाच्या तोंडाशी छातीवर 'स्वयंसेवक' असा बिल्ला लावून जेवणाची कुपनं फाडत होता. कुपन पाहुण्यांना होतं, स्वयंसेवकांना नव्हतं. आत श्रीखंड-पुरी. एक गृहस्थ दोनदा वाढून घेऊन, ढेकर देत बाहेर आले आणि याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भुकेचं वास्तव फार विदारक आहे हो." उरलेलं श्रीखंड सरांच्या गाडीतून सरांच्या घरी गेलं. मी आत जेवलो. माझ्याकडं कुपन होतं, कारण सरांच्या साडूंची माझ्या वडलांशी ओळख होती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोन पोरांनी गणपतरावांकडं तक्रार केली की स्टँडवरून त्यांचे डबे गायब होतात. ते कोण नेत होतं ते कधीच कळलं नाही. पण गणपतरावांना उत्साह फार. ते शिपायाला घेऊन बुधवारी दहा वाजता स्टँडवर जाऊन उभे राहिले आणि त्यांना प्रसेनजीत सापडला. हातात डबा, डब्यावर ऑइलपेंटनं 'धैर्यशील, बिद्री.'

मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलापलीकडं हंबीरराव सर, शेजारी गणपतराव, दाराशी शिपाई. मध्ये टेबलावर माझ्या आईचा डबा, त्याच्या खाली प्रसेनजीतची दोन प्रकरणं, त्यांच्यावर चहाच्या कपाचे गोल डाग. प्रसेनजीत उभा होता. शर्टाची घडी तशीच कडक.

"हा डबा तुझा?" सरांनी विचारलं.

"हो सर."

"तू याला न्यायला सांगितलं होतंस?"

मी 'हो' म्हणायचं, की संपलं. प्रसेनजीतनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात विनंती नव्हती. आपण एका खोलीत राहतो, हा खरं तेच बोलेल, असं त्यानं धरलेलं होतं.

"मला काही माहीत नाही सर," मी म्हणालो.

का म्हणालो? घरी कळेल की मी डबा खात नव्हतो, ही एक भीती. सरांसमोर चोराची बाजू घ्यायची, ही दुसरी. आणि आणखी एक कारण होतं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या घरचा डबा हा रोज खातो, आणि माझ्या संमतीनं खातो, हे गणपतरावांसारख्या आमच्या भावकीतल्या माणसापुढं उघड म्हणायची मला लाज वाटली. एम.ए.ला मी विषमता हा विषय घेतला होता.

"मी फक्त ह्याचाच डबा नेत होतो, सर," प्रसेनजीत म्हणाला. "तो भरलेला परत जायचा. मी धुऊन पाठवत होतो."

"धुऊन पाठवलं म्हणजे चोरी होत नाही का?" गणपतराव ओरडले. "आणि राहतोस कुठं?"

तो म्हणाला, "ह्याच्या खोलीत. पण चोरून. ह्याला ठाऊक न्हवतं."

दहा बाय आठच्या खोलीत माझ्यापासून दोन हातांवर चार महिने झोपणारा माणूस मला ठाऊक नव्हता! हे तिथं बसलेल्या दोन सुशिक्षित माणसांनी मान्य केलं, आणि मीही मान हलवली. मग सरांनी चष्मा काढला आणि कोरड्या भाकरीचं सांगितलं. गरिबी सगळ्यांनाच असते, पण आम्ही कधी दुसऱ्याच्या अन्नाला हात लावला नाही, वगैरे. पोलिसांत देत नाही हा माझा मोठेपणा समज, म्हणाले. लेखी माफी घेतली, संस्थेच्या आवारात यायला बंदी केली आणि मार्गदर्शक म्हणून आपलं नाव काढून घेतलं. जून यायच्या आतच सगळं संपलं.

तो खोलीवर आला, ट्रंक काढली. मी खाटेवर बसून होतो. काही तरी बोलावं म्हणून म्हणालो, "मला सुचलंच न्हाई रं काही."

"राहू दे," तो म्हणाला. "आईला सांग, भाकरी लई चांगल्या असायच्या." आणि गेला.

पुढचं त्याचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी एकच गोष्ट सांगायची राहील. तो परत शिकायला आला नाही. जयसिंगपुरात खतं-बियाण्यांच्या दुकानात कामाला लागला, अजून तिथंच आहे. संध्याकाळी वस्तीतल्या पोरापोरींचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देतो, फुकट. एकाही फॉर्ममध्ये चूक निघत नाही असं ऐकलं. दोन हजार तीनमध्ये सरांचं जाडजूड पुस्तक आलं, त्यात त्याचे सगळे तक्ते आहेत. प्रस्तावनेत 'क्षेत्रकामात साहाय्य करणारे विद्यार्थी' यांचे आभार आहेत, नाव नाही. मी पीएच.डी. झालो. प्राध्यापक झालो. आता मीच मार्गदर्शक आहे आणि एका मुलीची दोन प्रकरणं सहा महिने माझ्या टेबलावर पडून आहेत.

तर, त्या शनिवारी मी घरी गेलो. गुरुवारचा, शुक्रवारचा डबा भरलेला परत आला होता. आईनं मला जेवायला वाढलं नाही. चुलीपुढं बसून राहिली आणि म्हणाली, "जेवनारा कुठं गेला?"

"कोण जेवणारा?"

"डबा खानारा. मला काय खुळी समजतोस? पयल्या म्हैन्यातच कळलंतं. डब्याच्या तळाला रोज चिमूटभर साखर आसायची. आपल्याच आईचा डबा कोन साखर घालून धाडतं रं? परक्याचं भांडं रिकामं धाडू न्हाई म्हनून घालत्यात साखर."

मला ती पुडी आठवली. मुंगळा म्हणून हसणारी पोरं आठवली. उपाशीपोटी त्या साखरेतला एक दाणाही त्यानं तोंडात टाकला नसेल.

"मग तू बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? माझं पोर खोटं बोलतंय ते कळलं. पन कुनाचं तरी पोट भरतंय, म्हनून दोन भाकरी वाढवल्या. कोन हाय त्यो? कुनाचा?"

मी सगळं सांगितलं. नाव सांगितलं. केबिनमधलंही सांगितलं, का कोण जाणे, सांगून टाकलं. नाव ऐकून तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. आमच्या गोठ्याच्या कोनाड्यात गड्यांसाठी वेगळी कपबशी असायची. ती तिला आठवली असावी, मला तरी आठवली. चिमणाबाईला तिनं तो डबा हातात देऊन दाखवला होता, तेही आठवलं असेल. मग म्हणाली, "त्याच्या आईनं त्याला साखर घालायला शिकवली. मी तुला काय शिकवलं?"

दुसऱ्या दिवशी रविवार. तिनं डबा भरला, पोळ्या केल्या, आणि मला कुरुंदवाडला पिटाळलं. "काय केलंस ते त्याच्या आईबापाफुडं कबूल करून ये. तोवर माज्याशी बोलू नगंस."

इचलकरंजीवरून गेलो. घर सापडायला वेळ लागला नाही. दोन खोल्या, अंगण सारवलेलं, भिंतीवर बुद्धाचा फोटो. प्रसेनजीत नव्हता, वडलांबरोबर उसात गेला होता. मीनाबाई होत्या. बोटांना वांग्याच्या देठांचे डाग. मी नाव सांगितलं, तशा त्या पटकन उठल्या, पदर सावरला, चटई घातली.

"तुमीच व्हय धैर्यशील! या, बसा की. लई सांगतो तुमचं. तुमीच म्हनालासा न्हवं त्याला, माझा डबा तू खात जा म्हनून? खोलीतबी ठेवून घेतलासा. तुमच्या आईनं माझं पोर जगवलं बगा."

मी चटईवर बसलो.

"आता घरीच हाय," त्या म्हणाल्या. "मोठ्ठं पुस्तक लिवून सरांकडं दिलंय म्हनं. सरांनी सांगितलंय, निकाल लागंस्तवर घरी बसून वाट बग. कवा लागंल वो निकाल?"

त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. हेच सांगायला मला पाठवलं होतं.

"लागंल की," मी म्हणालो. "वेळ लागतो त्याला."

"लागू दे. पाच वर्सं कळ काढली, आता काय."

त्यांनी मला चहा दिला. डब्यातलं जेवण आपल्या भांड्यात काढून झाकून ठेवलं, डबा राखेनं घासला, पदरानं पुसला. मी पिशवी घ्यायला हात पुढं केला, तर म्हणाल्या, "थांबा, रिकामा नेऊ नगासा." आत गेल्या. पत्र्याचा डबा खरवडल्याचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता.

संध्याकाळी बिद्रीला पोचलो. आई दारातच उभी. "सांगितलंस सगळं?"

"सांगितलं."

तिनं माझ्याकडं संशयानं बघितलं आणि डबा उघडला. तळाला साखर होती, चहाचा चमचाभर. ती बघून तिचा चेहरा सैल झाला. एवढं ऐकूनही त्या बाईनं भांडं रिकामं धाडलं नाही, असं तिला वाटलं. तिनं चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाली, "भलं घर हाय." मरेपर्यंत ती हेच सांगत राहिली, की माझ्या पोरानं चूक केली पण जाऊन कबूल केली.

सोमवारी सकाळच्या गाडीनं माझा डबा आला. मी स्वतः स्टँडवर जाऊन तो आणला, खोलीत दार लावून सगळा खाल्ला आणि न धुताच परत पाठवला.